चवीपुरता समुद्र

मी मीठ विकत आणलं हे बाबाला फोनवर कळलं, तेव्हा तो म्हणाला, "कसला मीठ?"

"समुद्राचं पाणी बनवायचं. टाकीसाठी. बादलीभर आणलंय."

"ईकत?"

"हो."

"पेणची पोर तू. जल्माला आलीस तवा दारात मिठाची रास होती. नि रोह्याला जाऊन मीठ ईकत आणतंस?"

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने स्वारी आमच्या दारात हजर. खांद्यावर गोणी, गोणीत मीठ. दोन जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली, पण चेहरा असा की पोरीची अब्रू वाचवायला वेळेवर पोचलो.

आमच्याकडे, खाडीकाठच्या घरांत, बापाला अरे-तुरेच करतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासूबाईंसमोर "बाबा, तू बस ना" म्हटलं तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला होता. आता त्यांना सवय झाली आहे. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. त्या दिवशीही त्यांनी नेहमीप्रमाणे ट्रेमधून पाणी आणलं, बाबापुढे धरलं, आणि बाबाने नेहमीप्रमाणे हात जोडले.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा रिवाज आहे. बऱ्याच घरांतून तो गेला. आमच्या घरातून जायला त्याला बाबाची परवानगी लागते, आणि बाबा ती देत नाही. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मूल नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि एक दिवस मी आणि नवऱ्याने ठरवलं की आता या विषयाला आपल्या घरात जेवढी जागा दिली तेवढी पुरे. आम्ही दोघं मजेत आहोत, हे मी कोणाच्याही डोळ्यांत डोळे घालून सांगू शकते. पण बाबा दोन तासांचा प्रवास करून येणार, सोफ्याच्या कडेला बसणार, आणि मग "जरा पाय मोकला करून येतंय" म्हणत खाली उतरून एस.टी. स्टँडवरच्या टपरीवर चहा पिऊन येणार, हे मला सोसत नसे. गॅलरीतून ती टपरी दिसते. बशीत चहा ओतून फुंकर मारणारा माझा बाप मला माझ्याच घरातून दिसायचा. मला बाकी काही नको होतं. त्याने एकदा माझ्या हातचा चहा घ्यावा, एवढंच हवं होतं.

आता टाकीबद्दल सांगते, कारण त्या दिवसांत मला टाकीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

दाढ काढायला पनवेलच्या एका दवाखान्यात गेले होते. इंजेक्शन देऊन मला बाहेर बसवलं, आणि समोर काचेच्या टाकीत समुद्र होता. म्हणजे गप्पी-गोल्डफिशवाली टाकी नव्हे, खऱ्या खाऱ्या पाण्याची. जांभळट दगड, त्यांच्या खाचांतून डोकावणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, आणि एका दगडावर लहान लहान हातांचा झुपका, जो उगाचच मिटत-उघडत होता. माझं अर्धं तोंड बधिर होतं, दुसऱ्या अर्ध्याने मी हसत होते. डॉक्टरांनी आत बोलावलं तरी उठेना. नवरा म्हणाला, "दात दुखतोय की प्रेमात पडलीस?" मला बोलता येत नव्हतं म्हणून मी दोन बोटं दाखवली. दोन्ही.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर पाण्याचे नमुने तपासते. दुसऱ्यांचं एवढं पाणी तपासतो, तर एखादं आपलं का नसावं, असा माझा युक्तिवाद. नवऱ्याला तो लगेच पटला. त्याला माझं सगळं लगेच पटतं, म्हणून तर लग्न केलं. अडलं सासूबाईंपाशी.

"खारं पाणी? उंबऱ्याच्या आत?" त्यांनी विचारलं, तेव्हा मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांचं माहेर कुंडलिकेच्या खाडीला लागून. लहानपणी एकदा बांध फुटून भरतीचं पाणी भातशेतीत शिरलं, आणि मग कित्येक वर्षं त्या जमिनीत धड गवतही आलं नाही. त्यांच्या लेखी खारं पाणी म्हणजे घरात चोर. माझ्या माहेरी नेमकं उलटं. मिठागरात भरतीचं पाणी म्हणजे लक्ष्मी, आणि गोडं पाणी म्हणजे नुकसान. मीठ धरायला लागलं आणि अवकाळी सर आली की आख्ख्या गावाचं तोंड कडू व्हायचं. एका घरात आम्ही दोघी राहत होतो, एकीला खाऱ्याची धास्ती, एकीला गोड्याची. आणि हॉलमध्ये मला टाकी ठेवायची होती.

शेवटी "गळली तर बघा" एवढ्या धमकीवर परवानगी मिळाली.

तर त्या सकाळी बाबाने गोणी टाकीजवळ ठेवली आणि माझी विकतची बादली उघडून बघितली. पांढरीशुभ्र पूड. चिमूट उचलून त्याने बोटांत चोळली. "ह्ये मीठ?"

मी समजावलं, की नुसतं खायचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात बाकीचंही पुष्कळ काही असतं, ते माशांना आणि प्रवाळाला लागतं. आपण मिठागरात मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी सोडून देतो, तेच नेमकं यात परत घातलेलं असतं.

बाबा बघतच राहिला. "ता कडू पानी? जल्मभर आमी खाडीत सोडला ता? ता बादलीत भरून ईकतात?"

"तेच."

"अरारारा," तो म्हणाला आणि एवढा हसला की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हसता हसता त्याला ठसका लागला. त्यांनी पुन्हा पाणी पुढे केलं. ठसक्यातसुद्धा त्याने हात जोडले.

गोणी अजून माळ्यावर आहे. आम्हाला जन्मभर मीठ विकत घ्यावं लागणार नाही.

टाकी मांडली ती अडीच फुटांची. पाणी बनवलं, दगड रचले, पंप लावला, दिवा लावला आणि आम्ही समोर खुर्च्या टाकून बसलो. मासे लगेच सोडायचे नसतात. आधी दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात, जे पुढे माशांची घाण साफ करतात. त्याला महिना तरी जातो. हे मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून दमले. लोक हौसेने टाकी बघायला येत, वाकून वाकून शोधत आणि विचारत, "मासे कुठं आहेत?" सासूबाई म्हणत, "मासे नायत. आमच्या सूनबाईंनी दगड पाळलेत." मग दगडांवर चॉकलेटी शेवाळ चढलं. मी आनंदाने नाचले, कारण पुस्तकाबरहुकूम नेमकं तसंच व्हायला हवं होतं. "बघा, दगड वाढायला लागले," सासूबाई म्हणाल्या.

त्या महिन्यात बाबा पुन्हा आला, या खेपेला हातात खोकं. पेणजवळच्या जोहे गावी त्याच्या ओळखीच्या एका गणपतीच्या कारखान्यातून त्याने माझ्या टाकीसाठी खास डोंगर करून आणला होता. प्लास्टरचा. वर धबधबा, खाली गुहा, कळसाला सोनेरी रंग, आणि गुहेच्या तोंडाशी हौसेने काढलेला उंदीर. प्लास्टर पाण्यात घातलं तर काय होतं ते विसर्जनाला आपण सगळेच बघतो. मी म्हटलं, "बाबा, हा एवढा सुंदर आहे की पाण्यात घालायला जीव होत नाही." बाबा खूश झाला. डोंगर टाकीच्या शेजारी स्टुलावर आहे. येणारे जाणारे आधी त्याचंच कौतुक करतात.

दिवाळीच्या आसपास मासे आले, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी. पनवेलच्या दुकानदाराने पिशवी हातात देताना मला दोन गोष्टी बजावल्या. एक, दगडी प्रवाळ कधी मागायचं नाही, ते समुद्रातून काढणं गुन्हा आहे. त्याऐवजी त्याने टाकीतच वाढवलेला मऊ प्रवाळाचा एक तुकडा दिला, तोच तो मिटणाऱ्या-उघडणाऱ्या हातांचा झुपका. दुसरी गोष्ट माशांबद्दल. हे क्लाउन फिश सगळे नर म्हणूनच जन्माला येतात. जोडीत जो मोठा आणि दांडगा, तो पुढे मादी होतो, आणि मग घरात तिचंच चालतं.

हे मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे जो दादागिरी करतो तो बाई होतो?"

"हो."

"आणि दुसरा?"

"तो तिच्या मागे मागे फिरतो."

सासूबाई माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मग टाकी आणायची काय गरज होती?"

त्या दिवसापासून टाकीशी त्यांचं जमलं. पहिल्या आठवड्यात त्या लांबून बघत, दुसऱ्या आठवड्यात पाट घेऊन समोर बसून वाल सोलायला लागल्या. दुपारची त्यांची मालिका बुडायला लागली. प्रवाळाचे हात हलताना बघून त्या म्हणाल्या, "कसे बोलवतात बघ. या, बसा, म्हणतात." मी ऑफिसातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी मला दिवसभराच्या बातम्या मिळत. थोरली आज जेवली नाही, धाकट्याला तिने कोपऱ्यात दाबला, दगडांबरोबर आलेली गोगलगाय काचेवर चढून पडली. मला एवढा आनंद होई की मी पर्स घेऊनच टाकीसमोर फतकल मारत असे.

आणि बाबा. बाबा मासे बघायला आला, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला, आणि मग वरची झाकण-जाळी उचलून त्याने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"बाबा! त्यात मासे शी करतात."

"समुद्रात काय करतात?" असं विचारून त्याने डोळे मिटले, टाळूला जीभ लावली, आणि निकाल दिला, "बराबर हाय."

माझ्याकडे खारटपणा मोजायची नळी आहे. एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. मी मोजलं. पस्तीस. समुद्रात असतो तेवढाच. मी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या. आयुष्य मिठागरात घालवलेल्या माणसाची जीभ म्हणजे काय, हे मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना ऐकवलं.

पूर्वी बाबा दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा. आता दर रविवारी. पेणहून वडखळ, नागोठणं करत एस.टी. रोह्याला येते, रस्त्याचं काम बारा महिने चालू, माणूस खिळखिळा होतो. पण रविवार उजाडला की बाबा दारात. आला की आधी टाकी. बोट, जीभ, डोळे बंद, "बराबर हाय." मग गप्पा. जायच्या आधी पुन्हा एकदा बोट, "बघतंय, बदलला नाय ना." सासूबाई पाण्याचा ट्रे आणत, हात जोडले जात, ट्रे परत जाई. चहाला तो टपरीवरच.

इथे माझ्या शहाणपणाची कथा सांगायला हवी. टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं. आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे आटलेल्या जागी गोडं पाणीच घालायचं, हा पहिला धडा. मी तो वाचला होता. मी रसायनशास्त्र शिकले आहे. मिठागरातल्या पोरीला तर हे पाळण्यातच कळतं, पाणी उडून जातं आणि मीठ उरतं, त्यावरच तर आमची पोटं भरली. तरीसुद्धा मासे येताना भरलेलं नवं पाणी पहिल्यांदा आटलं, त्या दिवशी फिल्टरच्या गोड्या पाण्याचा जग हातात घेतला आणि हात पुढे जाईना. खाऱ्यात गोडं ओतायचं! लहानपणी मिठागराच्या कडेला नुसती पिण्याची कळशी हिंदकळली तरी पाठीत धपाटा बसायचा. बाबा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "खाऱ्यात खाराच घालायचा. मिठागरात पानी कमी झाला तर आपन काय करतो? भरतीचा घेतो." मला हायसं वाटलं. मी बादलीतल्या मिठाचं पाणी कालवलं आणि तेच घालायला लागले.

आणि आकडा? आकडा पस्तीसच्या आसपासच. रविवारामागून रविवार गेले, नळीत डोळा लावावा आणि पस्तीस, कधी छत्तीस, बस्स. शिवाय पाणीही फारसं आटत नव्हतं, रोज जेमतेम घोटभर घालावं लागे. मी ठरवून टाकलं की पुस्तकवाल्यांना काही कळत नाही. टाकी पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी आमच्या घराण्याची पद्धत म्हणून हे लिहिलंसुद्धा. लोकांनी वेड्यात काढलं. मी नळीचा फोटो टाकला. लोक गप्प झाले. तो आठवडा मी जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

वाल काढायची वेळ आली तशा सासूबाई गावी गेल्या. त्यांच्या जावेला हात हवे होते. निघताना त्यांनी चार वेळा टाकीकडे वळून बघितलं.

त्या गेल्या आणि पाणी एकदम भराभर आटायला लागलं. ऊन वाढलं असेल, पंखा वर लावल्यामुळे असेल, असं म्हणत मी रोज संध्याकाळी जग भरून खारं पाणी ओतत राहिले. मधला रविवार हमरापूरच्या एका लग्नात गेला, मोजायचं राहिलं. पुढच्या रविवारी सकाळी उठून बघते तर प्रवाळाचे सगळे हात मिटलेले. एकही उघडेना. थोरली तळाशी, कल्ले फडफडताहेत. धाकटा तिच्या अंगाला टेकून. माशांवर एवढा जीव जडतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा आला. मी त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत. "बाबा, बघ ना, काय झालंय यांना?"

त्याने जाळी उचलली. बोट बुडवलं. जिभेवर ठेवलं. डोळे मिटले.

"बराबर हाय."

मी थेंब नळीवर टाकला. चाळीस. पुन्हा टाकला. चाळीसच. नवऱ्याने बघितलं, चाळीस. समुद्राच्या कितीतरी वर. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो आणि दार उघडून सासूबाई आत आल्या, डोक्यावर वालाचं गाठोडं. टाकीकडे बघताच त्यांनी गाठोडं खाली टाकलं.

"पाणी नाय दिलंत काय गो त्यांना?"

"रोज घालते की, आई."

"खारं घालतेस. प्यायचं कोण देतं?"

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीपासून रोज दुपारी, वाल सोलून झाले की, सासूबाई फिल्टरचं तांब्याभर पाणी टाकीत ओतत होत्या. मासे दिवसरात्र खाऱ्यात, त्यांना तहान लागत नसेल? म्हणून. मला सांगितलं नाही, कारण माझ्या घराण्याची पद्धत वेगळी होती. म्हणजे मी रोज खारं घालत होते, त्या रोज गोडं घालत होत्या, आटलेली जागा बहुतेक त्याच भरून काढत होत्या, आणि मधल्या मधे आकडा पस्तीसवर उभा. ग्रुपवरचा माझा फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला. मला हसू फुटलं, आणि मासे मरायला टेकलेत म्हणून ते दाबताही येईना, सोडताही येईना.

"घाला आई," मी म्हटलं. "पण एकदम नको. हळूहळू."

पण त्या म्हणाल्या, "तूच घाल." जग त्यांनी भरून आणला आणि माझ्या हातात दिला. मी गोड्या पाण्याची धार सोडली. बाबाने तोंड फिरवलं. खाऱ्यात गोडं पडताना बघणं त्याला जमेना. दुपारपर्यंत थोडं थोडं करत आम्ही पाणी बदललं, घातलं, मोजलं. आकडा अडतीसवर आला, पुढचं उद्या, असं ठरलं. थोरली तळावरून उठली आणि तिने पहिलं काम केलं ते धाकट्याला ढुशी द्यायचं. सासूबाईंनी देवाला हात जोडले.

"मला घरात कोणी तहानलेलं बसलेलं बघवत नाय," त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या. "मग तो मासा असो." आणि त्यांनी बघितलं बाबाकडे. सहा वर्षं परत गेलेले सगळे ट्रे त्या बघण्यात होते. बाबा प्लास्टरच्या डोंगराकडे बघायला लागला.

मला मात्र दुसरंच काही टोचत होतं. "बाबा, चाळीस झालं होतं. आणि तू म्हणालास बराबर हाय."

"हं."

"तुला कळलं नाही?"

"कसा कळंल?" तो म्हणाला. "मिठागरात मीठ धरतो त्या शेवटच्या खनातला पानी चाखलेली जीभ ही. तो पानी जीभ जालतो. त्याच्यापुढं समुद्राचा पानी म्हंजी कच्चा. पस्तीस काय नि चाळीस काय, मला सगला सारखाच."

"मग दर रविवारी चाखत काय होतास?"

बाबाने मान खाली घातली. एस.टी.त बसून सुजलेल्या आपल्या पायांकडे तो बघत होता. मग वर बघून, जरासा घुश्शातच, म्हणाला, "लेकीच्या घरचा पानी पियाचा नाय, असा हाय. जेवायचा नाय, असा हाय. चाखायचा नाय, असा कोन बोललाय?"

मला सगळे रविवार आठवले. येताना एक बोट, जाताना एक बोट. त्या खड्ड्यांतून, उन्हातून, एका थेंबासाठी. माझ्या घरातलं काहीतरी त्याच्या जिभेला लागावं म्हणून. मी इतके दिवस गॅलरीत उभी राहून त्या टपरीवर जळत होते, आणि माझा बाप रिवाजाच्या बांधाला बोटाएवढं भोक पाडून बसला होता. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. नवऱ्याने घाबरून मासे बघितले, त्याला वाटलं गेले. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्याही नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मग चाखव की गो," त्या हळूच म्हणाल्या. "बघतेस काय?"

मी आत गेले. चहा ठेवला, आलं किसलं, घाईत साखर सांडली. कप-बशी घेऊन बाहेर आले, बशीत घोटभर चहा ओतला आणि बाबापुढे धरला.

"चाख," म्हटलं. "साखर बराबर हाय का बघ."

बाबाने माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. त्या मुद्दाम टाकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्याने बशी घेतली. फुंकर मारली. सगळी बशी संपवली आणि टाळूला जीभ लावून, डोळे मिटून, विचार केला.

"नाय कलला," तो म्हणाला. "आनखी घाल."

त्या दिवशी बाबाने तीन कप चहा चाखला. मग ताज्या वालाचं बिरडं चाखलं, मीठ बघायला म्हणून. भाकरी नीट भाजली आहे का ते बघायला दोन भाकऱ्या चाखल्या. भात चाखला, ताक चाखलं, सासूबाईंच्या लोणच्याची फोड चाखून "बराबर हाय" म्हणाला. आणि हात धुऊन आल्यावर सासूबाईंनी ट्रेमधून आणलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि आख्खं तांब्याभर पाणी, उभ्याउभ्या, एका दमात चाखलं.